भिंतीपासून एक वीत

तुंबलेल्या पाण्यानं भरलेल्या घरी बोलावणं आलं, की पंपवाल्या काकू आधी त्या घरात शिरतच नसत. टेम्पोतून पंप उतरवायचं काम धाकट्या जावेवर सोपवायचं, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवायचे आणि सरळ जिना चढायला लागायचं, हा त्यांचा शिरस्ता. खालची माणसं आधीच रडकुंडीला आलेली असत. ही बाई पाठ फिरवून वर कुठे निघाली, म्हणून त्यांच्यापैकी कुणीतरी ओरडेच, "अहो, पाणी खाली भरलंय!"

काकू वळूनही न बघता म्हणत, "भरलंय खाली, पण येतंय वरूनच."

आणि ते खरंच असे. जुन्या इमारतीत सगळ्या मजल्यांचं सांडपाणी एकाच उभ्या पाइपातून खाली उतरतं. मोठ्या पावसात रस्त्याखालची वाहिनी गाळानं तुंबली, की त्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ते तळमजल्याच्या न्हाणीघरातल्या जाळीतून वर येतं. वरचा माणूस निवांत अंघोळ करत असतो आणि खालच्याच्या घरात चपला तरंगत असतात. पंप कितीही चांगला असला, तरी वरचे नळ चालू असेपर्यंत तो बिचारा काय करणार? म्हणून काकू दारोदार जात आणि हात जोडून सांगत, "खालच्या घरासाठी जरा पाणी थांबवा. वाहिनी मोकळी होईपर्यंत अंघोळ नको, कपडे नकोत. अगदीच अडलं तर बादलीत धरा आणि रस्त्यावर नेऊन ओता."

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालं नव्हतं. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांचंच तळमजल्याचं बिऱ्हाड असं भरलं होतं. नवऱ्याचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे पंप घरचाच. पण उपसलेलं पाणी पुन्हा भरे, पुन्हा उपसलं की पुन्हा भरे. काकू जिन्यात उभ्या राहून वरच्यांना शिव्या घालत होत्या, तेवढ्यात सगळ्यात वरच्या मजल्यावरची नर्स दोन्ही हातांत बादल्या घेऊन जपून उतरताना दिसली. गढूळ, साबणाचं पाणी होतं. रात्रपाळी करून आलेली ती बाई आपल्या अंघोळीचं पाणी रस्त्यावर ओतायला चालली होती. काकूंचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्ही कशाला त्रास घेता?" त्यांनी विचारलं. "माझी अंघोळ तुमच्या घरात कशाला?" एवढंच बोलून ती पुढे गेली.

त्या दिवसापासून काकूंनी शिव्या सोडल्या आणि हात जोडायला सुरुवात केली. पुढे नवऱ्याच्या गुडघ्यांनी दगा दिला, दुकान बंद झालं, पंप तेवढा राहिला. "तो गंजवायचा का?" असं म्हणत काकूंनी पदर खोचला. नवरा घरी बसून फोनवरून सल्ले देऊ लागला आणि जाऊ हौसेनं मदतीला आली. ही जाऊ म्हणजे तोंडाचा पट्टा. पण काकूंइतकंच ओझं उचलायची, त्यामुळे तिचं बोलणं खपून जाई.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. पाऊस थांबला होता, रस्त्यावरचं पाणीही ओसरलं होतं, तेव्हा एका चार मजली इमारतीतून काकूंना फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, पण खणखणीत. "नमस्कार. माझ्या घरात पाणी आलंय. घोट्याच्या वर, पोटरीच्या खाली. वास गटाराचा आहे. मला दिसत नाही, त्यामुळे रंग सांगता येणार नाही."

काकूंनी उभ्या आयुष्यात इतकी नेटकी तक्रार ऐकली नव्हती.

गृहस्थ इमारतीच्या जिन्यात, पहिल्या वळणावर खुर्ची टाकून बसले होते. पांढरा सदरा, दोन्ही हात काठीवर. जन्मापासून दृष्टी नाही. चाळीसेक वर्षं एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होते, म्हणून सगळी इमारत त्यांना ऑपरेटरकाका म्हणे. बायको जाऊन चार पावसाळे झाले होते. तिनं त्यांच्यासाठी ते घर लावलं होतं. पलंग, टेबल, कपाट, पाण्याचं पिंप, प्रत्येक वस्तूची जागा पक्की. ती गेल्यावर त्यातली एकही जागची हलली नव्हती. त्या भरवशावर ते एकटे राहात, चहा करून पीत, शर्टाच्या बाह्यांना इस्त्रीसुद्धा करत.

"पण दारात पोत्यांची एवढी भिंत कुणी घातली?" जाऊनं विचारलं. उंबऱ्यावर वाळूची पोती अशी ठासून रचली होती, की मुंगी शिरू नये.

"मी रचून घेतली," ऑपरेटरकाका जरा अभिमानानंच म्हणाले. "पुराचा इशारा होता ना? रस्त्यावरचा थेंब आत आला नाही."

काकूंनी एका कडेची पोती ओढली मात्र, आतलं काळं पाणी त्यांच्या बुटांवरून भसकन रस्त्याकडे धावलं.

"काका, पाणी न्हाणीतून आलं," काकू हळूच म्हणाल्या. "पोत्यांनी ते आत धरून ठेवलं."

म्हातारबुवा म्हणाले, "म्हणजे चोराला आत घेऊन मी बाहेरून कडी लावली म्हणायची." आणि स्वतःच हसले. काकूंना तो माणूस तिथेच आवडला.

हसू फार टिकलं नाही. "बाई, एक सांगतो. ही तिसरी खेप. माझी लेक परवा सकाळी येतेय, मला घेऊन जायला. चांगली आहे हो पोरगी, जीव लावते. पण तिच्या घरी मी पाहुणा होईन. पाणी प्यायलासुद्धा हाक मारावी लागेल. इथे मला कुणाला हाक मारावी लागत नाही. ती येईल तेव्हा घर राहण्यासारखं दिसलं पाहिजे. होईल?"

"धुऊन होईल," काकू म्हणाल्या. "भिंती वाळायला मात्र वेळ लागतो. बघू." आणि त्या वर जायला निघाल्या.

"कुठे चाललात?"

काकूंनी कारण सांगितलं. ऑपरेटरकाकांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी खिशातून बटणांचा जुना फोन काढला. "पायऱ्या कशाला झिजवता? सगळ्यांचे नंबर मला पाठ आहेत. मला फक्त काय बोलायचं ते सांगा."

मग जिन्यातल्या त्या खुर्चीवर जणू इस्पितळातली जुनी टेलिफोनची खोलीच उभी राहिली. "नमस्कार, तळमजल्यावरून बोलतोय. आपलं पाणी कृपया होल्ड करा." पहिल्या मजल्यावरच्या शिंप्यानं लगेच कबूल केलं. दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, माझं कोर्ट आहे, अंघोळीशिवाय कसा जाऊ? "कोर्टाला वास येत नाही, साहेब. माझ्या घराला येतो," काका म्हणाले. वकील हसले आणि अंग पुसून गेले. सगळ्यात वर जुळ्या तान्ह्या मुलांची आई होती. तिला फोन लावताना मात्र काका अडखळले. "पोरी, तुला सांगायला जीभ रेटत नाही. दोन-दोन लेकरं तुझी."

"काका, धुणं ठेवते साठवून. बाळांचं पाणी बादलीत धरते. यांना सांगते खाली न्यायला," पलीकडून आवाज आला. मागे एक बाळ रडत होतं आणि दुसरं त्याला साथ देत होतं.

काकूंना ती नर्स आठवली. त्यांनी नाक ओढलं आणि पंप सुरू केला.

आत जायच्या आधी काकूंनी घराचं विजेचं मुख्य बटण बंद केलं. पाणी उपसून झाल्यावर उरला तो गाळ, काळा आणि चिकट. तोंडाला फडकी बांधून दोघी जावांनी तो फावड्यानं ओढला, घमेल्यानं वाहिला. मग काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरवायची वेळ आली. घाण पाणी प्यालेली वस्तू धुऊन स्वच्छ होत नाही, ते पाणी तिच्या पोटात जातं आणि तिथेच कुजतं. गादी, सोफा, जमिनीवरचा गालिचा, भुशाच्या फळ्यांचं बुटकं मांडणीचं कपाट, सगळं गेलं. लोखंडी पलंग, पत्र्याचं कपाट, लाकडी टेबल यांना धुता येणार होतं. काकूंचा नियम असा, की मालकाला सांगितल्याशिवाय चिंधीही टाकायची नाही. त्या दारातून ओरडत, "काका, सोफा!" आणि जिन्यातून उत्तर येई, "टाका. डाव्या बाजूला तशीही स्प्रिंग टोचायची."

"गालिचा!"

"हा हिच्या आवडीचा." काठी एकदा पायरीवर वाजली. "टाका."

"टेबलावरचा रेडिओ कोरडा आहे!"

"तो माझ्या मांडीवर आणून द्या."

त्यांना आत यायचं होतं, हात लावून बघायचं होतं. काकूंनी साफ नाही म्हटलं. "हाताला साधी खरचटलेली जागा असली तरी ही घाण भोवते. यायचंच तर हातमोजे घाला."

ऑपरेटरकाकांनी रबरी हातमोजे घातले, बोटं उघडून मिटून बघितली आणि परत काढून ठेवले. "यात माझे डोळे बंद होतात, बाई. मी इथेच बरा."

आधी साबणाच्या पाण्यानं घासणं, मग जंतुनाशकाचं पाणी फिरवणं. घाण निघाल्याशिवाय औषध मारलं तर ते औषध घाणीवरच खर्च होतं, हे नवऱ्यानं फोनवर तीनदा बजावलं. "माहीत आहे हो मला," काकू म्हणाल्या. "मग सांगतो म्हणून बिघडलं कुठे? तेवढंच बोलणं होतं," नवरा म्हणाला. जाऊ फिस्सकन हसली. "ताई, भावोजी अजून नवे नवरदेवच आहेत!"

काका रात्री शिंप्यानं आणून दिलेल्या खाटेवर जिन्याच्या वळणावरच झोपत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घर लखलखीत झालं. खिडक्या सताड उघड्या होत्या. बाहेर रस्त्यावर नगरपालिकेची माणसं वाहिनीतला गाळ काढत होती. वर, जुळ्यांचा बाप बादल्या घेऊन चढ-उतार करत होता. तिसऱ्या मजल्याच्या आजीबाई येता-जाता विचारत, "काय हो ऑपरेटर, नळाला हात लावू का?" आणि काका सांगत, "अजून नाही, लाइन व्यस्त आहे."

काकूंनी शेवटचं काम केलं. पलंग, कपाट, टेबल, पिंप, सगळं भिंतींपासून पुढे ओढलं. ओल्या भिंतीला वस्तू टेकली, की मागे बुरशी धरते आणि आठवड्याभरात घर पुन्हा नासतं. हे काम त्या इतक्या सवयीनं करत, की ते आपण करतोय हेही त्यांच्या ध्यानात येत नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेक आली. चाळिशीची, थकलेली, पाठीवर पिशवी. बापाचा हात हातात घेऊन जरा वेळ तशीच उभी राहिली. मग दारातून आत बघून म्हणाली, "अगं बाई! हे तर चकचकीत झालंय."

"झालंय ना?" ऑपरेटरकाका खुर्चीवरून उठले. काकूंनी आत यायला परवानगी दिलीच होती. काठी त्यांनी मुद्दाम दाराशी ठेवली. लेकीसमोर त्यांना काठीशिवाय चालून दाखवायचं होतं. त्यांनी उंबरा ओलांडला, चार पावलं ठरल्या ठेक्यात टाकली, डावीकडे वळले, आणि पत्र्याच्या कपाटाच्या कडेवर त्यांचं कपाळ खाडकन आपटलं.

भुवईवर रक्त आलं. लेक धावली. काकू जागीच थिजल्या. त्यांनी त्या घरातली घाण शेवटच्या थेंबापर्यंत काढली होती आणि म्हाताऱ्याची वाट मात्र स्वतःच्या हातांनी मोडून ठेवली होती.

जखम पुसून, औषध लावून झाल्यावर लेक म्हणाली, "बाबा, बास. मी पिशवी भरते तुमची." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

"माझं चुकलं," काकू म्हणाल्या. "वस्तू मी हलवल्या. मला सुचायला हवं होतं."

ऑपरेटरकाका पलंगाच्या कडेवर बसले होते. तोही त्यांना दोनदा चाचपून सापडला होता. "का हलवल्या?"

"भिंतींना वारा लागावा म्हणून. वाळायला महिना जाईल."

"कपाट किती पुढे आलंय?"

"असेल हातभर."

"आणि पलंग?"

काकूंनी बघितलं. "दोन विती. टेबल जरा कमी. पिंप… पिंप जमेल तसं."

"आणि भिंतीला कमीत कमी किती लागतं?"

"एक वीत पुरे."

"मग सगळं एक वीत," काका म्हणाले. "कमी नको, जास्त नको. सगळं घर एक वीत पुढे आलं, तर मी एक वीत आधी थांबेन. त्यात काय मोठंसं? पण कपाट हातभर, पलंग दोन विती आणि पिंप वाटेल तिथे, हे कसं ध्यानात ठेवू?"

जाऊनं लगेच बोटं ताणली. "थांबा, माझी नको," ते म्हणाले. "तुमची वीत तुमच्याबरोबर घरी जाईल. माझी घ्या."

भिंती धुऊन, औषध मारून झाल्या होत्या, आता उघड्या हाताची भीती नव्हती. ऑपरेटरकाकांनी अंगठा भिंतीला टेकवला आणि पंजा पसरला. जाऊनं आणि काकूंनी मिळून कपाट ढकललं, त्यांच्या करंगळीला टेकेपर्यंत. मग पलंग, मग टेबल. पिंपाशी ते आले तेव्हा लेकीनं पिशवी खाली ठेवली आणि पिंपाला खांदा लावला. "जरा मागे… अजून… बास, काकांची करंगळी चेंगरेल!" जाऊ ओरडली. "करंगळी राहू दे, पिंप बघ," काका म्हणाले.

"आता कुणी बोलू नका," त्यांनी सांगितलं. ते दारात गेले. पुन्हा उंबरा, पुन्हा चार पावलं. डावीकडे वळताना त्यांनी हात पुढे धरला आणि वळणाच्या जरा आधीच पत्र्याच्या कडेला बोटं लागली. थांबले. कडेवरून हात फिरवत पुढे गेले. टेबल. पिंप. न्हाणीची चौकट. परतताना पावलं थोडी मोकळी पडली. पलंगाशी येऊन ते बसले, न चाचपता. मग हात लांब करून टेबलावरचा रेडिओ लावला.

काकूंचा जीव भांड्यात पडला. लेकीनं पिशवी उचलली नाही, एवढं मात्र त्यांनी बघितलं.

तेवढ्यात रस्त्यावरून नगरपालिकेच्या माणसांनी हाक दिली, वाहिनी मोकळी झाली म्हणून. ऑपरेटरकाका उठून न्हाणीच्या दारात स्टुलावर बसले आणि त्यांनी फोन लावला. "पहिला मजला, एक बादली सोडा." सगळे कान टवकारून उभे राहिले. भिंतीतल्या पाइपातून पाणी खळखळत आलं, खाली गेलं, लांब गेलं. जाळी कोरडी होती. "दुसरा मजला." पुन्हा तोच आवाज. तिसरा. चौथ्याला फोन लागला तेव्हा ते म्हणाले, "पोरी, सगळे नळ सोड. धू काय धुवायचंय ते." पाइप घडघडून वाजला आणि लेक एकाएकी हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले.

"भिंती वाळेपर्यंत मी इथेच राहते, बाबा," ती म्हणाली. "मग बघू."

"राहा की. पण तुझ्या वस्तू वाटेत टाकू नकोस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी."

काकूंचं एक काम उरलं होतं. घर उरकलं की बूट काढून, हातपाय धुऊन त्या पुन्हा वर जात आणि प्रत्येक दारात आभार मानून येत. त्या जिन्याकडे वळल्या, तेव्हा मागून आवाज आला, "थांबा, मीही येतो."

"काका, फोन करा की," जाऊ म्हणाली. "चार मजले आहेत."

"मागायचं ते फोनवरून मागितलं. आता दारात जायला हवं." त्यांनी काठी घेतली. "गंमत बघा, सगळ्यांचे आवाज ओळखतो, पण त्या पहिल्या वळणाच्या वर मी कधी गेलो नाही. दारं कुठे आहेत तेसुद्धा मला ठाऊक नाही."

एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला कठडा. काकू मागून चढत राहिल्या. शिंप्यानं सुई तोंडात धरूनच नमस्कार केला, वकीलसाहेब अंघोळीला गेले होते, आजीबाईंनी सगळ्यांना बसवून पाणी पाजलं. चौथ्या मजल्याचं दार उघडं होतं. आत नळ धो धो वाहात होता, कपड्यांचा डोंगर पडला होता आणि जुळ्यांची आई कडेवर एक बाळ घेऊन दारात आली.

"मी तळमजल्यावरून आलोय," ऑपरेटरकाका म्हणाले. पुढे काय बोलायचं ते त्यांनी जिन्यात घोकलं असावं, पण आता काही आठवेना.

"हात पुढे करा, काका," ती म्हणाली, आणि ते बाळ, नुकतं न्हाऊ घातलेलं, अजून ओलसर, त्यांच्या हातांत दिलं.